तोंड धुऊन केलेला उपास

पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब विकायला येतात. आमच्याकडे त्यांना वास्ते म्हणतात. मी वरची सालं काढत होतो आणि शेवंता, म्हणजे माझी बायको, विळीवर बारीक चिरून राहिली होती. मी सालं नीट काढत नाही म्हणून तिचं तोंड चालू होतं. "जिंदगीभर राइस मिलचा बॉयलर चालवला तुमी, अन् एक कोंब सोलता नाही येत." मी म्हटलं, बॉयलरला साल नसते. ती हसली. भाजी झाली, भात झाला. एरवी ती माझ्यामागून चुलीजवळ बसून जेवायची. त्या दिवशी मीच म्हटलं, बस आता, वास्ते गार होतील. दोघं सोबत जेवलो. मीठ जास्त झालं होतं. मी तसं बोललो तर म्हणाली, उद्या तुमीच टाका.

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. त्यानंतर आमच्या घरात साधं काही झालं नाही.

*

मी चौथी शिकलेला माणूस. हे लिहायला वेळ लागला. माझ्या मुलीनं, विमलनं, अक्षरं सरळ करून दिली. बोलणं मात्र माझंच आहे, ते तिला मी सरळ करू दिलं नाही. आमच्यासारख्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या या भागात गावोगाव आहेत. साथ एकदा येऊन गेली म्हणजे पुन्हा येणार नाही, असं कोणी लिहून दिलेलं नाही. म्हणून लिहून राहिलो.

त्या वर्षी स्वाइन फ्लू आला. आधी पुण्याचं ऐकलं. पुणं आमच्यापासून इतकं लांब की तिथला माणूस मेला तर आम्ही फक्त हो का म्हणतो. मग नागपूरचं ऐकलं. मग गोंदिया. नाव जवळ येऊन राहिलं तसतसे लोक कमी बोलू लागले. आठवडी बाजार बंद झाला. आमगावच्या स्टेशनात उतरणारी माणसं तोंडाला फडकं बांधून उतरायची. ओळखीचा माणूस समोरून जायचा आणि ओळखू यायचा नाही. कोणी खोकललं की पानठेल्यावरची माणसं एकेक करून निघून जायची.

कोतवालानं दवंडी दिली. गर्दी करायची नाही. भजन नाही, सभा नाही, प्रार्थना नाही. हुकूम वरून आहे. भजनवाल्यांच्या पाराजवळ तो एकदा ओरडला. माझ्या दारासमोर उभा राहून दोनदा ओरडला.

माझ्या दारासमोर यासाठी की आमची प्रार्थना माझ्याच पडवीत व्हायची. मंडळी म्हणजे मोजकी घरं. कोणी बौद्धांतून आलेलं, कोणी गोंडांतून, एक घर पोवाराचं. पास्टर जवान पोरगा, छत्तीसगडकडचा. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. मिलच्या मागे खोली घेऊन बायकोसोबत राहायचा. मनाचा चांगला, पण रक्त गरम.

दवंडीनंतर तो माझ्याकडे आला तेव्हा तावातावानं बोलून राहिला होता. दारूचं दुकान चालू आहे, मिल चालू आहे, मग आमचीच प्रार्थना काऊन बंद? माणसापेक्षा देवाचं ऐकायचं असतं, असं त्याचं म्हणणं. ज्या पूर्वीच्या ख्रिस्ती लोकांनी जुलूम सोसला त्यांनी काय दवंडी ऐकून दारं लावली होती?

मी म्हटलं, "पास्टर, अधिकारी देवानं नेमलेला आहे असं तुमीच शिकवलं. तेव्हा कोतवाल दारात नव्हता म्हणून का?"

त्याला राग आला. मलाही आला. दोघंही बरोबर होतो असं मला आज वाटते. हुकूम पाळायचा असतो, हे खरं. आणि हुकूम देणारा देव नाही, हेही खरं. ही दोन्ही एका माणसाच्या डोक्यात बसत नाहीत, म्हणून दोन माणसं भांडतात.

शेवंता आतून चहा घेऊन आली. म्हणाली, "भांडून काय राहिले? त्यायच्यासाठी प्रार्थना कोण करते मंग? त्या कलेक्टरलेही घर असन, लेकरं असन. डॉक्टर लोक मरणात हात घालून राहिले. आपण आपल्या घरी बसू अन् त्यायच्यासाठी उपास करू. यात ना हुकूम मोडते, ना देव."

 पास्टरचे डोळे चमकले. म्हणाला, साखळी करू.

*

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साखळी उपास म्हणजे पाळीचा उपास. एका घरातल्या एकानं काही दिवस फक्त पाण्यावर राहायचं, प्रार्थना करायची, मग पाळी पुढच्या घरी द्यायची. कोणत्याही वेळी कोणीतरी उपाशी असला पाहिजे, साखळी तुटली नाही पाहिजे. आणि पाळी कोणाची आहे हे कोणाला सांगायचं नाही. क्रम लावणाऱ्या पास्टरला ठाऊक, देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला ठाऊक, बस.

कारण आमच्या प्रभूची शिकवण तशी आहे. उपास करणाऱ्यानं तोंड पाडून फिरू नये. तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं, म्हणजे लोकांना कळणार नाही, फक्त वरच्या बापाला कळेल. ही शिकवण चांगली आहे. मी आजही तिला वाईट म्हणणार नाही. पण ती शिकवण दिली तेव्हा गावात साथ नव्हती.

वास्ते खाल्ले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून शेवंताची पाळी होती. मला नंतर कळलं.

ती सकाळी उठली, तोंड धुतलं, डोक्याला तेल लावून चापून वेणी घातली. मला वाढलं. स्वतः मागून खाईन म्हणाली, ते रोजचंच होतं. खोकला येऊन राहिला होता तर म्हणाली ओल्या लाकडाचा धूर आहे. लाकूड ओलं होतंच. आणि तिचे गाल लाल दिसून राहिले. म्हातारपणी इतका रंग तिच्या तोंडावर मी पाहिला नव्हता. मी चिडवलं, काय, आता पुन्हा लगन करतेस का? ती म्हणाली, "करन, पण तुमच्याशी नाही."

तो रंग तापाचा होता.

अंगात ताप आहे, हाडं दुखत आहेत, हे तिला ठाऊक होतं. पण उपासात अंग दुखतेच, डोकं धरतेच. तिला वाटलं, हे उपासाचं आहे. आणि उपासाचं ते झाकायचं. तापावर तेल आणि पाणी लावून ती घरात फिरून राहिली.

मधे आरोग्य केंद्राच्या सिस्टर घरोघरी फिरून आमच्या दारात आल्या. कोणाला ताप, खोकला, घसा? शेवंता समोर गेली. सिस्टरच्या नजरेनं बघितलं तर धुतलेलं तोंड, नीट वेणी, लाल गाल. शेवंतानं सांगितलं, "देवाची कृपा आहे." ती खोटं बोलणारी बाई नव्हती. खोटं न बोलता सुटायचं होतं म्हणून ती तसं बोलली. सिस्टर पुढच्या घरी गेल्या.

*

हापशीवर पाणी भरता भरता ती खाली बसली. पाण्याचा गुंड भरून वाहून राहिला आणि ती त्याच्याजवळ बसून, जसं कोणी बोलावलं अन् ते ती ऐकून राहिली. मी हाक मारली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण ओठ निळे होते. हात धरला तर चुलीतून काढल्यासारखा.

हापशीवरच्या बाया मागे सरल्या. मी त्यांना दोष देत नाही. शेजारचा भीमराव तेवढा पुढे आला. बौद्ध माणूस, आमच्या प्रार्थनेला नेहमी नावं ठेवणारा. त्यानं तोंडाला गमछा गुंडाळला, तिला उचलून आटोत टाकलं आणि माझ्या बाजूला बसला. आमगावच्या आरोग्य केंद्रात त्याच सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. लगेच गाडी बोलावली. गोंदियाला मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिथे वेगळा वार्ड केला होता, एका टोकाला. आत जायच्या रस्त्यावर दोरी बांधली होती. दोरीच्या अलीकडे सगळा दवाखाना गजबजलेला आणि पलीकडे झाडू मारायलाही कोणी दिसत नव्हतं.

मला तोंडाला बांधायला फडकं दिलं आणि एकदा आत जाऊ दिलं, कारण ती माझं बोट सोडून नाही राहिली.

डॉक्टर पोरगाच होता. डोळेच तेवढे दिसत होते आणि ते डोळे किती दिवस झोपलेले नव्हते कोण जाणे. त्यानं तिची पापणी ओढली, पोट दाबलं, जीभ पाहिली. विचारलं, "आजी, जेवल्या कधी?"

मी म्हटलं, रोज जेवते. तो म्हणाला, बाबा, यांच्या पोटात काही नाही.

शेवंता म्हणाली, "उपास आहे."

"कशाचा? चतुर्थीचा?"

"तुमचा."

त्याला वाटलं ती तापात बरळते. माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हाच सगळं कळलं, एकदम. साखळी, पाळी, तेल, वेणी, लाल गाल. मी त्याला सांगितलं. आमी ख्रिस्ती लोक आहोत. सरकारनं प्रार्थना बंद केली, ते आमी मानलं. त्याच्या बदल्यात आमचे लोक सरकारसाठी, डॉक्टरसाठी पाळीनं उपास करून राहिले. हिची पाळी आहे. हे मलाही आत्ता कळलं.

 त्या पोराच्या हातात सुई होती, ती त्यानं ठेवून दिली. मग वाकून तिला म्हणाला, "आजी, माझ्यासाठी धरला ना? मग माझ्यासाठीच सोडा."

ती म्हणाली, "पाळी पुरी नाही झाली."

मला राग आला. आजारी माणसावर रागवू नये म्हणतात, पण मी रागावलो. म्हटलं, "अधिकाऱ्याचा हुकूम मोडायचा नाही हे आमाले कोण सांगत होतं? या खाटेजवळ हा डॉक्टरच अधिकारी आहे. देवानंच ठेवला त्याले इथं. गोळी घे, दूध पी. नाही तर सांग की तू फक्त लांबच्या अधिकाऱ्याचं ऐकते."

ती हसली. दम लागला तरी हसली. गोळी घेतली. दोन घोट दूध घेतलं. डॉक्टरनं नळी लावली आणि मला बाहेर काढलं.

*

पुढचे दिवस मी दोरीच्या अलीकडे काढले. तिच्या खाटेजवळ खिडकी होती आणि दुपारी वार्डातली आया ती थोडी उघडायची. नियमात नव्हतं. आया म्हणायची, मी हवा घालून राहिली, तुमी तिकडे बघू नका. मी बघायचो. तोंडावर ऑक्सिजनच्या नळीचं भांडं, त्यातून श्वास धापा टाकत जायचा. रोज त्या खाटेवरची बाई थोडी लहान झालेली दिसायची. बाजूच्या खाटा एकेक रिकाम्या व्हायच्या. माणूस बरा होऊन गेला की कसा गेला, हे आयेला विचारायची माझी हिंमत नाही झाली. तीही सांगत नव्हती.

तिच्या घशातून काडीनं काढलेलं नागपूरला तपासायला पाठवलं होतं. डॉक्टर म्हणाला, कागदाची वाट पाहून मी थांबलेलो नाही, औषध चालू आहे. पण उशीर झाला आहे. छाती भरली आहे.

किती उशीर, मी विचारलं नाही. तिच्या उपासाचे दिवस मला मोजायचे नव्हते.

विमल राजनांदगाववरून आली. तिला आत सोडलं नाही. तिचं सासर आमच्या मंडळीतलं नाही. ती दोरीजवळ बसली आणि मला म्हणाली, "तुमच्या लोकायनं माझी माय उपाशी मारली."  थोड्या वेळानं तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला. नंतर पुन्हा बोलली. असं ते चालू राहिलं. दुःखात माणूस आधी जवळच्याला मारते, कारण लांबचा हाताशी नसते.

पास्टर आला, हातात तेलाची लहान बाटली. आजारी माणसाला तेल लावून, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, ही आमची रीत. दारावरच्या माणसानं अडवलं. पास्टर मला म्हणाला, "बाबूजी, देखा? यही तो सताव है."

मी म्हटलं, "सताव नाही हे, छळ नाही. दार आहे. आत मरण आहे म्हणून लावलं."

तो दोरीजवळ गुडघे टेकून बसला. येणारे-जाणारे बघत होते. त्याच्या प्रार्थनेत खोटेपणा नव्हता, हे मी सांगतो. पण मधेच एक वाक्य आलं. तो म्हणाला, हे प्रभू, आईनं जी साखळी धरली ती आम्ही तुटू देणार नाही.

मी तेव्हा लक्ष दिलं नाही. माझं लक्ष खिडकीकडे होतं. त्या दिवशी ती उघडली नव्हती.

*

दुपारी डॉक्टर स्वतः बाहेर आला. तोंडावरचं फडकं त्यानं खाली केलं. तेव्हाच मी ओळखलं. इतक्या दिवसांत मी त्याचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. मिसरूड नीट फुटलेली नव्हती. तो म्हणाला, शेवटी त्या विचारत होत्या, तू जेवला का. एवढं सांगून तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

ती मला गुंडाळूनच मिळाली. उघडायचं नाही असं सांगितलं. सोबत दोन माणसं दिली आणि मोजके लोक जमवा म्हणून बजावलं. आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, तिला पुरली. खड्डा भीमरावानं खणला. माती ओली होती, कडा ढासळून राहिल्या, पुन्हा पुन्हा खणावं लागलं. मंडळीतले लोक धानाच्या पलीकडे लांब लांब उभे होते, एकमेकांपासून वेगळे, बुजगावण्यासारखे. जवळ येऊन रडता येत नव्हतं. रडणं ऐकू येत होतं, कोणाचं ते कळत नव्हतं.

पास्टरनं प्रार्थना केली. मग लोकांकडे वळून म्हणाला, आईनं राज्यकर्त्यांसाठी जीव दिला. तिच्या हातातून पाळी आमच्या घरी आली आहे. कोणी घाबरू नका, साखळी चालू आहे.

लपवायची गोष्ट त्यानं उघड सांगितली, म्हणजे तो किती पेटला होता बघा. मी लोकांमधे त्याची बायको शोधली. रोशनी दिसली नाही. मी विचारलं, पोरगी कुठे आहे? म्हणाला, घरी, प्रार्थनेत.

रोशनीला सहावा महिना चालू होता.

माझ्या हातात माती होती. ती मी खड्ड्यात टाकली. त्या वेळी माझ्यात दुसरं काही करायची ताकद नव्हती. विमलनं मला धरून घरी आणलं.

*

सकाळी विमल झोपलीच होती. मी चूल पेटवली, तांदूळ टाकले आणि पातळ पेज शिजवली. मीठ टाकलं. डब्यात भरून मिलच्या मागे गेलो. रस्त्यात मला पाहून एका बाईनं दार ओढून घेतलं.

पास्टरनं दार उघडलं. तोही रात्रभर जागा दिसला. "बाबूजी, आप? आज?"

मी म्हटलं, रोशनीला पाहायचं आहे.

तो दारातून हलला नाही. म्हणाला, उपास मोडायला आला असाल तर नका. आईनं याच्यासाठीच जीव दिला.

मी म्हटलं, "दिला नाही, गेला. मी नवरा आहे तिचा, मले ठाऊक. तू मोठा आहेस, तुझी पाळी तू धर. पण तिच्या पोटातल्या लेकराची पाळी कोणी लावली?"

इतक्या वर्षांत मी त्याला कधी तू म्हटलं नव्हतं.  तो बाजूला झाला.

रोशनी आत भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर पदर. हसून म्हणाली, बाबूजी, मी बरी आहे. दुसऱ्याच्या सुनेला हात लावायची आमच्यात रीत नाही. मी तिच्यासमोर बसलो आणि हाताची मागची बाजू तिच्या कपाळावर ठेवली. काढली. पुन्हा ठेवली.

पास्टरला म्हटलं, तू ठेव.

त्यानं हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला.

मी डबा उघडला. ती नाही म्हणाली नाही. मी समोर बसून राहिलो आणि तिनं पेज हळूहळू सगळी प्याली. मग पास्टरनं आटो आणला. मधे ती, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. रस्त्यात मी त्याच्याकडून पाळीची सगळी घरं विचारून घेतली. आरोग्य केंद्रात सिस्टरनं मला पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. मी त्यांना रोशनीचा ताप सांगितला. महिना सांगितला. उपास सांगितला. मग साखळी कोणत्या घरातून निघाली, कोणत्या घरी गेली, आता कोणाकडे जाणार होती, ते एकेक घर नावानं सांगितलं. पास्टर माझ्याकडे बघून राहिला होता. मी थांबलो नाही.